घरच्या फोटो-व्हिडिओंसाठी डिस्क: एक मोठी घ्यावी की दोन साध्या?

सोलापुरातल्या भवानी पेठेतल्या एका ताईंनी विचारलंय. घरात चार मोबाइल आहेत, त्यांत दहा-बारा वर्षांचे फोटो आणि व्हिडिओ साठलेत. लग्नाच्या तीन व्हीसीडी, बारसं-वास्तुशांतीच्या सहा डीव्हीडी, सासऱ्यांच्या भजनी मंडळाच्या चाळीसेक कॅसेट, आणि टीव्हीवर बघायला जमवलेले सिनेमे-मालिका. हे सगळं एका ठिकाणी आणायचंय, टीव्हीला लावून बघता यायला हवं, आणि खर्च पंधरा हजारांच्या आत बसायला हवा. भाचा म्हणतो एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, घ्या. नवी पेठेतला दुकानदार म्हणतो चार टीबीची (एक टीबी म्हणजे हजार जीबी) एकच मोठी डिस्क घ्या, पुढं बघायला नको. मोबाइलवर तर १६ टीबीची ‘डिस्क’ दोन हजारांत दिसतेय. घराच्या खालीच यंत्रमागाचं शेड आहे, त्याच्या हादऱ्यांनी काही बिघडेल का, आणि बंद पडलेल्या लॅपटॉपमधली डिस्क वापरता येईल का, असंही त्यांनी पुढं विचारलंय.

ताई, आधी सरळ उत्तर देतो, कारणं मागून सांगतो. यूएसबीवर चालणाऱ्या, अडीच इंची, साध्या दोन हार्ड डिस्क घ्या. एक दोन टीबीची आणि दुसरी एक टीबीची. मोठी टीव्हीजवळ राहील, लहान कपाटात किंवा त्याहून बरं म्हणजे दुसऱ्याच्या घरी. दोन्ही वेगवेगळ्या कंपनीच्या असल्या तर उत्तम.

मी संगणक दुरुस्तीचं आणि गेलेला डेटा काढून देण्याचं काम करतो. टेबलावर मेलेली डिस्क घेऊन जे येतात, त्यांतले बहुतेक जण म्हणतात, ‘बॅकअप घेतला होता की.’ खोटं बोलत नसतात ते. मोबाइल भरला, फोटो डिस्कवर घेतले, मग जागा व्हावी म्हणून मोबाइल रिकामा केला. म्हणजे आधी एक प्रत होती, नंतरही एकच राहिली. तिनं फक्त घर बदललं. चार टीबीची एकच डिस्क घेतली की हेच होतं, उलट एका पडण्यात दुप्पट जातं.

डिस्क किती मरतात याचा एक चांगला अंदाज उपलब्ध आहे. बॅकब्लेझ नावाची अमेरिकन कंपनी स्वतःच्या साठवण केंद्रातल्या लाखो हार्ड डिस्कांची नोंद २०१३ पासून प्रसिद्ध करते. तिच्याकडे वर्षाला साधारण शंभरात एक-दीड डिस्क जाते. ऐकायला कमी वाटतं. पण तिथं डिस्क थंड खोलीत, रॅकमध्ये पक्क्या बसवलेल्या असतात. आपल्याकडं ती टीव्हीच्या कपाटावरून वायरीला पाय अडकून खाली येते, मुलं खेळता खेळता ओढतात, मे महिन्यात तापते. घरातल्या डिस्कला तो आकडा लावून निर्धास्त राहू नका.

आता दुसरी डिस्क लहान का चालेल ते बघा. इथं एक हिशेब करावा लागतो, तो दुकानदार करून देत नाही. तुमच्याकडच्या मालाचे दोन ढीग करा. एक, जो गेला तर जगात कुठंच मिळणार नाही: फोटो, घरचे व्हिडिओ, लग्न, कॅसेट. दुसरा, जो पुन्हा मिळू शकतो: सिनेमे, मालिका, गाणी. तुम्ही दिलेल्या माहितीवरून पहिला ढीग मांडून बघतो. मोबाइलचा फोटो सरासरी चार एमबी धरला तर चाळीस हजार फोटोंना १६० जीबी लागतात. साधा फुल एचडी व्हिडिओ मिनिटाला सुमारे १३० एमबी खातो, म्हणजे तीस तासांच्या व्हिडिओला २३४ जीबी. साठ मिनिटांची कॅसेट सीडीच्या दर्जात, न दाबता (फाइल लहान न करता) उतरवली तर साधारण ६३५ एमबी होते. चाळीस कॅसेटना २५ जीबी पुरतात. सहा डीव्हीडी प्रत्येकी ४.७ जीबीनं २८ जीबी, व्हीसीडींचे दोन-अडीच. झाले सगळे मिळून ४५० जीबी. सातशे जीबीचे सिनेमे धरले तर एकूण साडेअकराशे.

म्हणजे ज्याची दुसरी प्रत हवीच, तो माल निम्म्या टीबीतही बसतोय. बहुतेक घरांत हे असंच निघतं. जागा सिनेमे खातात आणि जीव फोटोंत असतो. मग सिनेम्यांची दुसरी प्रत ठेवायला पैसे कशाला घालायचे? एक टीबीत घरचा ढीग मावतो आणि निम्म्याहून जास्त जागा उरते. मात्र अलीकडचे मोबाइल फोर-के मध्ये चित्रण करतात आणि ते मिनिटाला साडेतीनशे एमबी किंवा त्याच्याही पुढं जातं. मुलांच्या मोबाइलची कॅमेरा सेटिंग एकदा बघून फुल एचडीवर ठेवा. गॅदरिंगच्या नाचाला फोर-के ची गरज नसते.

हा हिशेब करायच्या आधी झाडलोट केली तर अजून कमी होईल. चार जणांच्या मोबाइलमध्ये तोच गणपतीचा फोटो चार वेळा असतो, शिवाय व्हॉट्सॲपच्या फोल्डरात सुप्रभातची फुलं. ‘डुपगुरू’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर सारख्या फायली शोधून देतं. फक्त एक लक्षात ठेवा: व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो सहसा दर्जा घटवून दाबलेला असतो. मूळ ज्याच्या मोबाइलमध्ये आहे, त्याच्याकडूनच घ्या.

खोक्यावर दोन टीबी आणि लॅपटॉपवर १.८१ टीबी दिसलं तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. एक टीबीची डिस्क ९३१ जीबी दाखवते. यात कुणी फसवलेलं नाही.

भाच्याच्या एसएसडीबद्दल. तो चुकीचं सांगत नाहीये, पण त्याचं काम वेगळं असणार. एसएसडीत फिरणारं काही नाही, पडली तरी सहसा वाचते, वेग कितीतरी जास्त. व्हिडिओ एडिट करणाऱ्यानं तीच घ्यावी. पण तुम्हाला वेग कुठं लागणार आहे? ब्लू-रे दर्जाचा फुल एचडी सिनेमाही सेकंदाला जास्तीत जास्त सहा-सात एमबी मागतो आणि साधी हार्ड डिस्क शंभर-सव्वाशे देते. टीव्हीला लावल्यावर दोन्हींत काही फरक कळणार नाही. किमतीत मात्र कळतो, टीबीमागं एसएसडी बरीच महाग पडते आणि २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळं तिचे भाव आणखी चढलेत. आणखी एक गोष्ट आहे जी विकणारा सांगत नाही. एसएसडीत माहिती विद्युतभाराच्या रूपात साठते आणि वीज न देता वर्षानुवर्षं कपाटात ठेवली तर तो भार हळूहळू गळतो. उष्णतेनं जास्त. नव्या एसएसडीला ही भीती कमी, झिजलेलीला जास्त. पण जी वस्तू आपण वर्षातून एकदा-दोनदा काढणार, तिथं मी हार्ड डिस्कच ठेवतो. बिघडायची वेळ आली तर हार्ड डिस्क बहुधा आधी आवाज करते, हळू चालते, काही फायली द्यायला कुरकुरते. एसएसडी पुष्कळदा काल चालू, आज बंद.

सोळा टीबीवाल्या जाहिरातीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण दर दिवाळीनंतर तो माल माझ्याकडं येतो. असा एक डबा उघडला की आत यूएसबीचा लहानसा बोर्ड असतो आणि त्यावर गोंदानं चिकटवलेलं साधं मेमरी कार्ड. बाकी डबा रिकामा. कार्ड ३२ किंवा ६४ जीबीचं, पण त्याच्या कंट्रोलरला, म्हणजे ते चालवणाऱ्या चिपला, खोटं बोलायला शिकवलेलं असतं. लॅपटॉपनं विचारलं, किती जागा? तो सांगतो सोळा टीबी. तुम्ही फोटो टाकत जाता, पहिले तीस किंवा साठ जीबी खरंच लिहिले जातात. त्यानंतर तो नुसता ‘लिहिलं’ म्हणतो. फोल्डर उघडला तर नावं दिसतात, आकार दिसतो, लोक समाधानानं मोबाइल रिकामा करतात. महिन्यानं फोटो उघडायला गेलं की राखाडी चौकोन. अशा डब्यातून ते पुढचे फोटो मलाच काय, कुणालाच काढता येत नाहीत, कारण ते तिथं लिहिलेच गेलेले नसतात. खिशात मावणारी हार्ड डिस्क पाच-सहा टीबीच्या पुढं बाजारात मिळतच नाही, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

खरी डिस्क घेताना नावांच्या गर्दीत गोंधळू नका. हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या जगात आता तीनच उरल्यात: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. डब्यावर चौथं नाव असलं तरी आतली डिस्क या तिघांपैकीच कुणाची तरी असते. त्यामुळं ‘कुठली कंपनी चांगली’ यावर वेळ घालवू नका. दर काढायचा तर किंमत भागिले टीबी. भाव आठवड्याला हलतात म्हणून मी आकडे देत नाही. एक टीबीची डिस्क या हिशेबात महाग दिसेल, कारण डबा, मोटर, वायर यांचा खर्च तेवढाच असतो. दुकानदार त्यावरूनच तुम्हाला चार टीबीकडे ओढतोय. टीबीमागं स्वस्त म्हणून मोठी घ्यायची आणि दुसरीला पैसे उरत नाहीत, असं व्हायला नको. शिवाय एक-दोन टीबीच्या डिस्क पातळ असतात, चार-पाच टीबीच्या दुप्पट जाड. आत माहिती ठेवणाऱ्या तबकड्या जास्त, ती वाचणारी हेड जास्त, म्हणजे बिघडायच्या जागाही जास्त.

डब्यापेक्षा बघण्यासारखी जागा म्हणजे वायरीचं तोंड. जुन्या पद्धतीच्या डिस्कला चपटी, रुंद, मध्ये खाच असलेली पिन असते. ती वर्षा-दोन वर्षांत सैल होते, आणि ‘डिस्क गेली’ म्हणून आलेल्यांतल्या कितीतरी जणांची फक्त वायर गेलेली असते. दोनशे रुपयांत काम होतं. टाइप-सी तोंडाची मिळत असेल तर ती घ्या, जास्त टिकते. दुसरी भानगड अशी की काही मॉडेलांत यूएसबीचं तोंड थेट डिस्कच्या मुख्य बोर्डावरच झाळलेलं असतं. बाकींत आत नेहमीची साटा डिस्क (लॅपटॉपमध्ये बसते तशी) आणि वर वेगळा छोटा बोर्ड. दुसऱ्या प्रकारात तोंड तुटलं तरी डिस्क काढून दुसऱ्या डब्यात घालता येते. पहिल्यात काम अवघड होतं. हे बाहेरून ओळखता येत नाही, मॉडेलचं नाव घेऊन ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला विचारा.

यांतल्या बहुतेक स्वस्त डिस्कांवर माहिती ‘एसएमआर’ पद्धतीनं लिहिली जाते. घरावरची कौलं जशी एकमेकांवर थोडी चढवलेली असतात, तसे तबकडीवरचे ट्रॅक एकमेकांवर चढवून जागा वाचवतात. मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, म्हणून जुन्यावर नवं लिहिताना ही डिस्क मंदावते. एकदम पाचशे जीबी ओतायला घेतले की सुरुवातीला शंभराचा वेग असतो, नंतर वीस-तीसवर येतो आणि माणूस घाबरतो. डिस्क बिघडलेली नसते. एकदा भरून पुन्हा पुन्हा वाचायच्या कामाला, म्हणजे तुमच्या कामाला, ही पद्धत बिनधास्त चालते.

साडेतीन इंची मोठ्या डिस्क टीबीमागं कधीकधी स्वस्त मिळतात, पण त्यांना वेगळा बारा व्होल्टचा अडॅप्टर लागतो. वीज झपकली की त्या झटक्यात बंद. घरात यूपीएस नसेल तर नको. नेटवर्कवर चालणारा डबा, ज्याला नॅस म्हणतात, त्याचा नुसता रिकामा डबाच तुमचं बजेट खाईल. त्यात दोन डिस्क एकमेकींची आरशासारखी नक्कल ठेवतात, पण एका डिस्कवरून मुलानं फोल्डर उडवला तर दुसरीवरूनही त्याच क्षणी उडतो. क्लाउडवर गूगलचे फुकटचे १५ जीबी असतात, दोन टीबीची वर्गणी घेतली तर वर्ष-दोन वर्षांच्या पैशांत तेवढी डिस्कच येते. शंभर-दोनशे अगदी निवडक फोटो तिथं ठेवावेत, बाकीचं राहू द्या.

आता टीव्ही. खरेदीआधी एक चाचणी घरीच करा, पैसे लागत नाहीत. एक रिकामा पेन ड्राइव्ह लॅपटॉपवर एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या फायली मांडायच्या, पद्धतीनं फॉर्मॅट करा, त्यात चार जीबीहून मोठा सिनेमा टाका आणि टीव्हीला लावा. चालला तर डिस्कही एनटीएफएसच ठेवा. नाही चालला तर एक्सफॅट करून बघा. फॅट-३२ चालेल सगळीकडं, पण त्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. माझी पसंती एनटीएफएसला आहे, कारण मध्येच वीज गेली तर ती एक्सफॅटपेक्षा लवकर सावरते. घरात कुणाकडं ॲपलचा लॅपटॉप असेल तर मात्र त्याला वेगळं सॉफ्टवेअर घातल्याशिवाय एनटीएफएसवर लिहिता येत नाही, नुसतं वाचता येतं.

टीव्हीच्या मागं दोन-तीन यूएसबी तोंडं असतात, त्यांतल्या एकावर ‘एचडीडी’ किंवा ‘१ए’ असं बारीक लिहिलेलं असतं. डिस्क तिथंच लावा. बाकीच्या तोंडांतून करंट कमी येतो, डिस्क फिरायला बघते, टिकटिक करते आणि थांबते. आणि टीव्हीनं पडद्यावर ‘रेकॉर्डिंगसाठी हे उपकरण फॉर्मॅट करू का?’ असं विचारलं तर ‘नाही’. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा, आजींनासुद्धा. रिमोटवरचं ओकेचं बटण दाबायची सवय लागलेली असते आणि अशानं गेलेल्या डिस्क मी पाहिल्यात.

ज्या डिस्कवर घरचा ढीग आहे तीच टीव्हीला लावून ठेवायची, तर त्या डिस्कचं असं काही होणार हे गृहीतच धरा. म्हणून तर कपाटातली दुसरी.

मागाच्या हादऱ्यांचा प्रश्न फार चांगला विचारलात. हार्ड डिस्कचं हेड फिरत्या तबकडीच्या वर काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. सतत कंप आला तर ते ट्रॅकवरून ढळतं, पुन्हा वाचतं, पुन्हा ढळतं. वेग पडतो आणि झीज वाढते. खालच्या शेडमध्ये सगळे माग एकदम चालू झाले की स्टीलच्या मांडणीवरची भांडी वाजतात, तुम्हाला माहीत आहे. त्या मांडणीवर किंवा शेडला लागून असलेल्या भिंतीतल्या फळीवर चालू डिस्क ठेवू नका. सोलापुरात टॉवेलला तोटा नाही. टर्किश टॉवेलची घडी डिस्कखाली घाला, नाहीतर माउस पॅड. फक्त खाली. वरून झाकलं तर ती शिजेल. बंद डिस्कला हादऱ्यांचा काही धोका नाही, तिचं हेड बाजूला जाऊन बसलेलं असतं. त्यामुळं मोठी कॉपी करायची तर माग बंद असतानाची वेळ धरा.

रुईच्या तंतूंची भीती वाटत असेल तर ते डिस्कच्या आत जात नाहीत, तिच्या श्वासछिद्राला गाळणी असते. ते साचतात यूएसबीच्या तोंडात. दर वेळी वायर घातली की पिन त्यांना मागं दाबते, शेवटी तिथं नमद्यासारखा थर होतो आणि पिन पूर्ण बसत नाही. डिस्कचा संपर्क मध्येच तुटतो, पुन्हा जोडला जातो. पेठांतल्या आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या घरा-ऑफिसांतून येणाऱ्या डिस्कांत मी सगळ्यात आधी टॉर्च मारून तेच बघतो. लाकडी टूथपिकनं हलकेच निघतो. टाचणी नको.

त्याहून मोठा शत्रू म्हणजे आपलं ऊन. बऱ्याच डिस्कच्या माहितीपत्रकात वापरायचं तापमान ३५ अंशांपर्यंत दिलेलं असतं. सोलापूरचा एप्रिल-मे बेचाळीस-त्रेचाळीस सहज दाखवतो, आणि चालू डिस्क त्यावर आणखी दहा-पंधरा अंश चढते. याचा अर्थ उन्हाळ्यात वापरायचीच नाही असा नाही. दुपारी पत्र्याखालच्या खोलीत सलग सहा तास कॉपी लावायची नाही. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे फुकट सॉफ्टवेअर डिस्कचं तापमान दाखवतं. पन्नासच्या वर जायला लागलं की थांबवा, पंख्याखाली घ्या, उरलेलं रात्री करा. सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर डिस्क ठेवू नका, तो स्वतःच तापलेला असतो. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर कधीच नाही.

डिस्क आणल्यावर लगेच फोटो टाकायचे नाहीत. आधी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ‘पॉवर ऑन अवर्स’ बघा, नव्या डिस्कला तो आकडा शून्य-एक-दोन असा असतो. शेकड्यात असेल तर ती वापरलेली आहे, परत करा. मग ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ चालवा. ते अख्खी डिस्क भरतं आणि लिहिलेलं पुन्हा वाचून पडताळतं. दोन टीबीला शंभराच्या वेगानं नुसतं लिहायलाच साडेपाच तास लागतात, वाचायला तेवढेच. म्हणजे एक अख्खी रात्र, किंवा दीड. खोटा माल इथं लगेच उघडा पडतो आणि जन्मतः अधू असलेली डिस्क दुकानाच्या बदलून देण्याच्या मुदतीतच कळते. बिल जपा, डिस्कवरचा सीरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून भारतातली वॉरंटी दिसते का तेही बघा. साधारण तीन वर्षांची असते. वॉरंटीत नवी डिस्क मिळते, त्यातले फोटो कुणी देत नाही.

आधी उतरवायच्या त्या व्हीसीडी. डिस्कपेक्षा त्यांची मुदत जवळ आलीय. घरी बर्न केलेल्या सीडीचा रंगाचा थर वर्षांनी उडतो, उजेडाकडं धरली तर काहींना बारीक भोकं दिसतात. व्हीसीडीत ‘एमपीईजीएव्ही’ नावाचा फोल्डर असतो, त्यातल्या ‘डॅट’ फायली तशाच कॉपी करा, लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेअरमध्ये चालतात. डीव्हीडीत एकेका जीबीचे तुकडे असतात; तुकडे वेगळे उचलू नका, पूर्ण ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर घ्या किंवा ‘मेकएमकेव्ही’नं दर्जा न घटवता एकच फाइल करा. एखादी सीडी अडकली तर दुसऱ्या लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. एक ड्राइव्ह वाचत नाही ते दुसरा कधीकधी वाचतो. कॅसेटसाठी टेपच्या हेडफोनच्या तोंडातून लॅपटॉपच्या लाइन-इनमध्ये वायर, ‘ऑडॅसिटी’ सॉफ्टवेअर, आणि तेवढाच वेळ जेवढी कॅसेट. चाळीस कॅसेटना चाळीस तास. भाच्याला सुट्टीत लावा. ‘फ्लॅक’ प्रकारच्या फाइलमध्ये साठवा, आकार निम्म्यावर येतो आणि आवाज जसाच्या तसा राहतो. भजनात तबल्यावर आवाज फाटत असेल तर लेव्हल कमी करून ती बाजू पुन्हा घ्या, नंतर सॉफ्टवेअरनं तो फाटलेला आवाज नीट होत नाही.

फोल्डरांची नावं इंग्रजी अक्षरांत आणि तारीख आधी, म्हणजे वर्ष-महिना-दिवस, मग प्रसंग. काही टीव्ही देवनागरी नावांच्या जागी नुसत्या चौकटी दाखवतात, आणि वर्ष आधी लिहिलं की फोल्डर आपोआप क्रमानं लागतात.

लहान डिस्क कुठं ठेवायची? घरातच ठेवली तर चोरी, आग, पाणी यांत दोन्ही एकदम जातात. कुणी पुण्याला असेल तर हुतात्मा एक्सप्रेसनं पाठवून द्या, नसेल तर विजापूर रोडच्या बहिणीकडं. ती वर्षातून दोनदा ताजी करायची: एकदा दिवाळीला आणि एकदा गड्ड्याच्या यात्रेला. संक्रांतीच्या यात्रेला सगळे घरी येतातच, नंदीध्वजांचे आणि अक्षता सोहळ्याचे नवे व्हिडिओही सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असतात. तेव्हाच डिस्क मागवा, नवं भरा, जुन्यातले चार-दोन व्हिडिओ उघडून बघा आणि परत पाठवा. वर्षभर नुसती पडून राहिलेली डिस्क अशी दोनदा फिरवलेली बरी.

चालू डिस्क कधी ‘टक्, टक्, टक्’ असा एकसारखा आवाज करू लागली तर वायर काढा आणि पुन्हा लावू नका. रिकव्हरीचं फुकट सॉफ्टवेअर चालवू नका, फ्रीजमध्ये तर मुळीच घालू नका. हा उपाय अजूनही लोक मला सांगतात. आत दव जमतं आणि होतं नव्हतं ते जातं. तो आवाज हेडचा असतो. हेड बदलायचं काम धूळमुक्त खोलीत करावं लागतं, त्यासाठी आम्ही पुण्या-मुंबईला पाठवतो आणि खर्च डिस्कच्या किमतीच्या कित्येक पट येतो. दुसरी प्रत असेल तर हा परिच्छेद तुमच्या कामाचा नाही.

राहिली लॅपटॉपमधली जुनी डिस्क. ती साटा असेल तर पाचशे रुपयांच्या आसपास यूएसबीचा डबा मिळतो, चार स्क्रू, पाच मिनिटांचं काम. लावल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा आणि ०५, सी५, सी६ या खराब जागा मोजणाऱ्या तीन ओळींतला शेवटच्या रकान्यातला आकडा बघा. तिन्हीत शून्य असेल आणि वर निळा ‘गुड’ दिसत असेल तर सिनेमे त्यावर ठेवा. तेवढी जागा मोठ्या डिस्कवर मोकळी होईल. शून्य नसेल तर आत काही उरलंय का ते आधी काढून घ्या, मग ती डिस्क भंगारात द्यायच्या आधी माझ्यासारख्याकडून तबकडीला एक भोक पाडून घ्या. बँकेची कागदपत्रं, आधारचे फोटो त्यात असतातच.